सांडपाणी, कर्दळ आणि टीसीएल

अभ्यासपाठ
वाचन : २ राजे २:१९-२२, यहेज्केल ४७:८-१२



नाताळाआधी महिला संघाच्या भगिनी मुलींसाठी स्वेटर घेऊन वसतिगृहात आल्या होत्या. मागच्या अंगणात कर्दळ फुललेली पाहून एकींनी फूल तोडायला हात पुढे केला. आमची आठवीतली एक मुलगी मोठ्या उत्साहाने म्हणाली, "मावशी, हे सगळं आमच्या आंघोळीच्या पाण्यावर आलंय!" भगिनींचा हात तसाच मागे गेला. सगळे हसले आणि चहाची वेळ झाली. पण निघताना दोघी-तिघींनी मला बाजूला घेऊन विचारले, "ताई, ते पाणी तुम्ही पुन्हा वापरता म्हणे. मुलींना अपाय नाही ना होत?" प्रश्न योग्य होता आणि गाडी सुटायची होती, म्हणून मी अर्धवट उत्तर दिले. पूर्ण उत्तर या पाठात देते. त्यात माझी स्वतःची एक चूकही सांगावी लागेल.

आधी हे करावे का लागले ते सांगते. आपले वसतिगृह नंदुरबार जिल्ह्यात सातपुड्याच्या पायथ्याशी आहे. पाऊस इकडेही पडतो, पण डोंगरउतारावरून तो नाल्यात आणि नाल्यातून नदीत निघून जातो. मार्च संपता संपता बोअर दम टाकू लागते. मग टँकर येतो, कधी येत नाही. अशा दिवसांत पाणी आधी पिण्याला, मग स्वयंपाकाला, मग आंघोळीला. संडासाचा नंबर शेवटचा. चार वर्षांपूर्वी एप्रिलात आम्ही सहापैकी चार संडासांना कुलूप लावले आणि किल्ली मी माझ्याच कमरेला अडकवली. मला तेव्हा ती काटकसर वाटली.

मुलींनी तक्रार केली नाही. डोंगरातल्या मुली तक्रार करत नाहीत, त्या उपाय शोधतात. दुपारी चारनंतर त्यांनी पाणी पिणेच बंद केले, म्हणजे रात्री अंधारात कुंपणाबाहेर जायला नको. हे मला कळले तेव्हा सातवीतली एक मुलगी तापाने फणफणली होती. डॉक्टरांनी लघवीचा संसर्ग सांगितला आणि भरपूर पाणी पाजा म्हणाले. तिचे वडील तिला घरी घेऊन गेले. जूनमध्ये बाकीच्या मुली आल्या, ती आली नाही. मी तिच्या पाड्यावर दोनदा जाऊन आले. ती शेळ्या राखत होती.

त्याच एप्रिलात रोज सकाळी आमच्या न्हाणीघरातले पाणी भिंतीच्या भोकातून बाहेर जाऊन रस्त्याकडेच्या काळ्या डबक्यात साचत होते. साठ मुली. टंचाईतही प्रत्येकीची आंघोळ आणि कपडे धरून माणशी पंचवीस लिटर, म्हणजे दिवसाला दीड हजार लिटर. एरवी माणशी चाळीस धरले तर चोवीसशे. संडासाला पाणी नाही म्हणून कुलूप, आणि पलीकडे डबक्यात डास.

सांडपाणी दोन प्रकारचे असते, हे प्रथम लक्षात घ्या. संडासाचे पाणी वेगळे. ते आमच्याकडे दोन शोषखड्ड्यांत जाते आणि त्याला आम्ही हात लावत नाही. दुसरे आंघोळीचे, कपड्यांचे, हात धुण्याचे पाणी. त्यात साबण, मळ, केस, थोडे तेल आणि काही जंतू असतात. हे दुसरे पाणी शुद्ध करणे पुष्कळ सोपे. स्वयंपाकघराचे पाणी मधले. त्यातले तूप-तेल अडवायला आधी वेगळी हौदी लागते, नाहीतर पुढची सगळी खडी चिकट होऊन बसते. आम्ही ते सध्या या योजनेत घेतलेलेच नाही.

या कामाची निम्मी युक्ती आपल्या आजीला ठाऊक होती. मोरीच्या पाण्यावर परसात कर्दळ, अळू आणि केळ लावायची पद्धत महाराष्ट्रात कुठे नव्हती? तिला शास्त्राचे रूप मिळाले ते विसाव्या शतकाच्या मध्यावर. जर्मनीत केटे झायडल या विदुषीने १९५० च्या दशकात पाणवनस्पती सांडपाण्यातली घाण कशी कमी करतात याचे प्रयोग केले. लोकांना ते चमत्कारिक वाटे, कारण अभियंत्यांच्या मते सांडपाण्याचे काम यंत्रांचे. पुढे तिच्या आणि इतरांच्या कामातून खडीचे वाफे तयार झाले. आपल्या नागपूरच्या नीरी संस्थेने भारतीय हवामानासाठी ‘फायटोरिड’ नावाची पद्धत विकसित केली. नेपाळमध्ये १९९७ साली धुलिखेलच्या रुग्णालयात असा वाफा बांधला गेला. आणि आमच्या दृष्टीने सर्वांत जवळचे उदाहरण नर्मदेपलीकडचे. मध्य प्रदेशातल्या धार व झाबुआ जिल्ह्यांतल्या आदिवासी आश्रमशाळांत नीरी आणि युनिसेफ यांनी आंघोळीचे पाणी गाळून, क्लोरीन देऊन संडासासाठी आणि बागेसाठी वापरून दाखवले. त्याची मार्गदर्शक पुस्तिका २००७ मध्ये निघाली. भिल्ल मुलामुलींच्या शाळा, आमच्यासारखाच उन्हाळा. ती पुस्तिका वाचली आणि मला धीर आला.

आमचा वाफा बारा मीटर लांब आणि पाच मीटर रुंद आहे. साठ मुलींना साठ चौरस मीटर, म्हणजे माणशी एक. उष्ण प्रदेशात अंघोळीच्या पाण्याला एवढे पुरते. खोली साठ सेंटिमीटर. तळाला शेततळ्याला वापरतात तो जाड प्लॅस्टिकचा कागद, म्हणजे पाणी जमिनीत मुरत नाही. दोन्ही टोकांना मूठभर आकाराचे दगड आणि मध्ये बारीक, धुतलेली खडी. धुतलेली हा शब्द महत्त्वाचा आहे. मुरुममाती मिसळलेली खडी स्वस्त मिळते आणि वर्षभरात वाफा तुंबवते. पालकांनी श्रमदानात तीन दिवस नाल्यावर खडी धुतली, आणि त्या दिवसांत झालेले गाणे आणि जेवण हा वेगळाच विषय आहे. तळाला अगदी थोडा उतार दिला. खडीत कर्दळ आणि पाणकणीस लावले.

न्हाणीघरातून पाणी आधी जाळीतून दोन कप्प्यांच्या टाकीत जाते. तिथे केस अडकतात, गाळ खाली बसतो, साबणाचा फेस वर राहतो. मग ते वाफ्यात शिरते आणि खडीच्या आतून, पृष्ठभागाच्या चार बोटे खालून, हळूहळू पलीकडच्या टोकाला जाते. वर पाणी दिसत नाही, म्हणून डास होत नाहीत आणि वास येत नाही. वर पाणी दिसू लागले तर वाफा तुंबतो आहे असे समजावे.

किती हळू? याचे गणित आम्ही नववीच्या मुलींना घातले. वाफ्यात पाण्याची उंची अर्धा मीटर. बारा गुणिले पाच गुणिले अर्धा म्हणजे तीस घनमीटर. पण त्यात बहुतेक जागा खडीने व्यापलेली. बादलीभर खडीत मावेल तेवढे पाणी ओतून मुलींनी मोजले, तर पोकळी साधारण पस्तीस टक्के निघाली. म्हणजे वाफ्यात साडेदहा हजार लिटर पाणी मावते. रोज चोवीसशे लिटर येत असेल तर एका थेंबाला पार जायला चार दिवसांहून अधिक लागतात, उन्हाळ्यात पाणी कमी येते तेव्हा आठवडा.

त्या चार दिवसांत आत काय होते? पुष्कळांना वाटते की झाड घाण पिऊन टाकते. झाड थोडेच पिते. खरे काम खडीच्या प्रत्येक दाण्यावर वाढलेल्या बुळबुळीत थराचे. नदीतल्या दगडावर पाय घसरतो ना, तसाच थर. त्यात कोट्यवधी सूक्ष्मजीव असतात, आणि साबण, मळ, घाम हे त्यांचे अन्न. मुळे खडीत वाटा मोकळ्या ठेवतात, आपल्याभोवती थोडा प्राणवायू सोडतात आणि थराला बसायला जागा देतात. मुळाजवळ प्राणवायूवर जगणारे जीव, थोडे दूर प्राणवायूशिवाय जगणारे. एकाने टाकलेले दुसरा उचलतो. हा थर बसायला पहिल्या वेळी दोन-तीन महिने लागले. तोपर्यंत बाहेर पडणारे पाणी गढूळच होते आणि पालकांतले काही जण आमच्याकडे दयेने पाहत होते.

आता भगिनींच्या प्रश्नाकडे येते. वाफ्यातून बाहेर पडणारे पाणी स्वच्छ दिसते, त्याला जवळजवळ वास नसतो. पण ते निर्जंतुक नसते. चांगला चाललेला वाफा आतड्यातले जंतू नव्वद ते नव्याण्णव टक्के कमी करतो. ऐकायला पुरेसे वाटते. पण लाखातून नव्याण्णव टक्के गेले तरी हजार उरतात, आणि संडासात पाणी टाकताना शिंतोडे उडतात, ओला हात तोंडाला लागतो. म्हणून शेवटी रसायनाची पायरी आहे, आणि ती गाळता येत नाही.

आमचे रसायन म्हणजे ग्रामपंचायतीत सर्वांच्या ओळखीचे टीसीएल, विरंजक चूर्ण. ते पाण्यात विरघळले की त्यातला क्लोरीन ज्याला भेटेल त्याच्याकडून इलेक्ट्रॉन हिसकावून घेतो. यालाच रासायनिक ऑक्सिडीकरण म्हणतात. लोखंड गंजते, कापलेले सफरचंद लाल पडते, तीही याच कुळातली क्रिया, फक्त संथ. क्लोरीन हे काम झपाट्याने करतो. जंतूच्या आवरणावर तो तुटून पडतो आणि जंतू मरतो. कुजलेल्या अंड्यासारखा वास देणारा वायूही तो मोडतो.

पण क्लोरीनला निवड करता येत नाही. समोर मळ आला तर तो मळावर खर्च होतो, साबण आला तर साबणावर, लघवीतला अमोनिया आला तर त्याच्याशी बांधला जाऊन मंदावतो. जंतूंसाठी मग काही उरत नाही. शिवाय सेंद्रिय घाणीशी क्लोरीनचा संयोग होऊन क्लोरोफॉर्मसारखे नको ते पदार्थ तयार होतात. नळाच्या पाण्यात ते असतात हे १९७४ मध्ये नेदरलँड्सच्या एका संशोधकाने दाखवून दिले. म्हणून आधी वाफ्याने मळ खायचा आणि मग उरलेल्या जंतूंसाठी थोडासा क्लोरीन.

हा क्रम मला पुस्तकातून माहीत होता. तरी मी तो मोडला.

दुसऱ्या वर्षी जूनमध्ये, पहिल्या पावसानंतर आठवड्यात, नऊ मुलींना जुलाब सुरू झाले. गावात लगेच चर्चा झाली की घाण पाणी पोरींना परत वापरायला लावतात. दोन पालक मुलींना घरी न्यायला आले. मी घाबरले. रात्रभर प्रार्थना केली असे म्हणेन, पण खरे तर रात्रभर चिंता केली. सकाळी उठून टीसीएलचे पोते उघडले आणि वाफ्याच्या तोंडाशी, गाळाच्या टाकीत, तीन-चार किलो ओतले. दुसऱ्या दिवशी पुन्हा, तिसऱ्या दिवशी पुन्हा. आमच्या स्वयंपाकाच्या मावशी म्हणाल्याही, "ताई, शेतात एवढं औषध मारलं तर पीक जळतं." मी ऐकले नाही.

आठवड्यात कर्दळीच्या पानांच्या कडा तपकिरी झाल्या. दहाव्या दिवशी वाफ्याला वास सुटला. खडीवरचा थर मी मारला होता, आणि आता मेलेला थरच आत कुजत होता. बाहेर पडणारे पाणी काळपट, आणि त्यात टीसीएल टाकले की क्षणात संपून जाई. दोन महिने ते पाणी आम्ही वापरू शकलो नाही. वाफा पुरता रिकामा करून धुतला, बाहेरच्या जुन्या डबक्यातला थोडा गाळ आणून खडीत सोडला, नवे कंद लावले, आणि वाट पाहिली. पावसाळा होता म्हणून निभावले. एप्रिल असता तर कुलपे पुन्हा लागली असती.

जुलाब कशाने झाले? आरोग्य केंद्रातल्या सिस्टर आल्या आणि पाच मिनिटांत त्यांनी दाखवले. पिण्याच्या पाण्याच्या हातपंपाचा ओटा फुटला होता आणि पहिल्या पावसाचे गढूळ पाणी त्या भेगेतून थेट आत जात होते. वाफ्याचा काही संबंध नव्हता.

दुसऱ्या राजांच्या पुस्तकात यरीहोची माणसे अलीशाकडे येतात. नगर चांगले, पण पाणी वाईट. तो नव्या पात्रात मीठ मागवतो, आणि ते घागरीत किंवा शेतात न टाकता पाण्याच्या उगमाशी जाऊन टाकतो. मी या उताऱ्यावर दोन-तीनदा संदेश दिला होता. त्या जूनमध्ये मीही पांढरी भुकटी घेऊन उगमाशी गेले, फक्त उगम कोणता हे शोधले नव्हते. मीठ खाऱ्या जमिनीला आणखी नापीक करते, आणि त्या ठिकाणी ते उलट काम करते, कारण तिथे करणारा परमेश्वर आहे. तो उतारा मिठाच्या गुणाबद्दल नाही, असे आमचे पदविकेचे प्राध्यापक सांगत. टीसीएलच्या पोत्याकडून मी त्या चमत्काराची अपेक्षा केली होती.

यहेज्केलाच्या सत्तेचाळिसाव्या अध्यायाबद्दलही एक सांगते, कारण वाफा पाहायला येणारे पाळकबंधू हमखास तो अध्याय काढतात. मंदिरातून निघालेली नदी, तिच्याने गोडे झालेले समुद्राचे पाणी, काठावर औषधी पानांची झाडे. उतारा सुंदर आहे आणि मला प्रिय आहे. पण अकरावे वचन पाहा. दलदली आणि पाणथळ जागा मात्र गोड्या होत नाहीत, त्या मिठासाठी ठेवल्या जातात. तेव्हा आमच्या पाणथळ वाफ्याला यहेज्केलाचा आधार देताना जरा जपून!

आताची पद्धत अशी. वाफ्यातून निघालेले पाणी हजार लिटरच्या टाकीत जमते. उन्हाळ्यात वाफ्यातून झाडे आणि ऊन मिळून रोज पाचशेएक लिटर उडवतात, तरी दीड हजारातले हजार हाती येते, आणि संडासांना सहा-सातशे पुरते. टाकी भरली की वीस ग्रॅम टीसीएल. किराणा दुकानातल्या लहान काट्यावर एकदा मोजले आणि तेवढे मावेल असे बाटलीचे झाकण ठरवले. बादलीत कालवून, गाळ बसू देऊन, वरचे निवळ तेवढे टाकीत ओततात. अर्ध्या तासाने ओ.टी. चाचणी. पाणी पिवळसर झाले तर क्लोरीन उरला आहे, टाकी सोडायला हरकत नाही. पिवळे झालेच नाही तर आमच्या मावशी टीसीएल वाढवत नाहीत. आधी वाफ्याकडे जातात. क्लोरीन सगळा संपला म्हणजे पाण्यात मळ जास्त आहे, वाफा नीट काम करत नाही, किंवा पोते जुने होऊन त्याचा जोर गेला आहे. ही तिसरी शक्यता पावसाळ्यात फार खरी ठरते. पोते उघडे राहिले की टीसीएल महिन्या-दोन महिन्यांत नुसती चुन्याची भुकटी होते. आणि हे काम मोठ्या माणसानेच करायचे, कारण टीसीएल आणि संडास धुण्याचे ॲसिड एकत्र आले तर विषारी वायू निघतो. दोन्ही वस्तू आम्ही वेगळ्या खोल्यांत ठेवतो.

हे पाणी पिण्याचे नाही. त्याचे नळ लाल रंगवले आहेत आणि वर फुलीचे चित्र आहे, कारण पहिलीतल्या मुलींना पावरी बोलता येते, मराठी पाटी वाचता येत नाही. उरलेले पाणी केळी, पपई आणि शेवग्याच्या बुडाशी जाते. कोथिंबीर, मुळा अशा कच्च्या खायच्या भाज्यांना ते देत नाही. कर्दळीच्या फुलाला हात लावायला मात्र काही हरकत नाही; तोडल्यावर हात धुवा, एवढेच.

आपल्या मंडळीतले काही जण मिशन रुग्णालयांत सेवा करतात, त्यांनी ओझोन आणि पेरॉक्साइडबद्दल विचारले होते. हायड्रोजन पेरॉक्साइडला लोहाच्या क्षाराची जोड दिली की फार तीव्र ऑक्सिडीकरण होते, हे फेंटन या रसायनशास्त्रज्ञाने १८९४ मध्ये दाखवले. औषधांचे अंश, रंग अशा जीवाणूंना न पचणाऱ्या पदार्थांसाठी ती रीत उपयोगी आहे, आणि तिथे कधी कधी क्रम उलटा असतो. आधी रसायनाने कठीण रेणू तोडायचे, मग वाफ्यातल्या जीवांना ते खाऊ द्यायचे. मात्र मध्ये उरलेले रसायन संपल्याची खात्री करावी लागते, नाहीतर माझ्या जूनची पुनरावृत्ती. रुग्णालयाने हे अभियंत्याशिवाय करू नये. वसतिगृहाला त्याची गरज नाही, आणि कोणी महागडे यंत्र दान देऊ केले तरी मी आधी त्याच्या विजेच्या बिलाचे विचारीन.

गेल्या एप्रिलात संडासांना कुलूप लागले नाही. किल्ल्यांचा जुडगा अजून माझ्याकडे आहे, पण त्यात आता कोठीच्या आणि टीसीएलच्या खोलीच्या किल्ल्या आहेत. शेळ्या राखणाऱ्या मुलीची धाकटी बहीण यंदा पाचवीत आमच्याकडे आली. तिच्या वडिलांनी तिला सोडताना आधी संडास उघडे आहेत का ते स्वतः जाऊन पाहिले, आणि मग बॅग खाली ठेवली.

दोन मंडळ्यांनी आपल्या वसतिगृहांसाठी आमचा नकाशा मागितला आहे. तो जरूर पाठवू. पण त्याआधी आठवडाभर रोज न्हाणीघरातून किती बादल्या पाणी बाहेर जाते ते मोजून वहीत लिहा आणि ती वही पाठवा. मोजणी मार्च-एप्रिलात करा. श्रावणातल्या आकड्यावर बांधलेला वाफा उन्हाळ्यात अर्धा कोरडा राहतो आणि कर्दळ वाळते.